‘मुलीच्या जातीला बरी’ नोकरी

*ताई,*

*मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात सध्या एकच धोशा आहे, बी.एड. कर. आई म्हणते, मुलीच्या जातीला याहून बरी नोकरी नाही. दुपारी घरी, दिवाळी-मेची सुट्टी, पोराबाळांचं बघता येतं, स्थळंही चांगली येतात. बाबा म्हणतात, एम.एस्सी. करून काय दिवे लावणार? काकांच्या ओळखीचे एक संस्थाचालक आहेत, ते म्हणतात दोन वर्षं बिनपगारी शिकवू दे, मग अप्रूव्हलच्या, म्हणजे सरकारी मान्यतेच्या वेळी वीस लाख द्यायचं बघू. माझी मैत्रीण पुण्याला डेटा सायन्सच्या कोर्सला गेली. ती म्हणते, एवढं गणित करून शेवटी शाळेत बाईच होणार का?*

*खरं सांगू का, मला शिकवायला आवडतं. शेजारचा सातवीतला मुलगा ऋण संख्या म्हटलं की रडवेला व्हायचा. मी त्याला विहिरीवर नेलं. पाण्याची पातळी शून्य धरली. वरच्या पायऱ्या अधिक, पाण्याखालच्या उणे. विचारलं, उणे तीनवर उभा आहेस, पाच पायऱ्या वर आलास, कुठे पोचलास? तो म्हणाला, ‘कोरडा. दोन पायऱ्या वर.’ आता तो स्वतः गणितं मागतो.*

*पण घरचे ज्या कारणांसाठी मला शिक्षिका करायला निघालेत ती कारणं ऐकली की हे सगळं नको वाटतं. मला खरंच शिकवायचंय, की सोपं आहे तेच मी निवडतेय?*

*– एक वाचक*

अगं, तुझं मूळ पत्र चार पानी आहे, इथे जागेअभावी कापून घेतलंय. त्यातली साडेतीन पानं आई म्हणते, बाबा म्हणतात, काका म्हणतात, मैत्रीण म्हणते यात गेली आहेत. विहिरीवरच्या ओळींमध्ये मात्र कोणीच काही ‘म्हणत’ नाही. तिथे फक्त तू आहेस, तो पोरगा आहे आणि पायऱ्या आहेत. तुझ्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर तू स्वतःच लिहून पाठवलंयस, त्यामुळे त्यावर मी शाई घालवत नाही.

अडलंय ते दुसऱ्या भागात. आवडीचं काम दुसऱ्यांच्या सोयीचंही निघालं की ते आपलं राहिलंय का, अशी शंका यायला लागते. तुझ्या वयाच्या कितीतरी मुलींची पत्रं या सदराकडे येतात, आणि निम्म्यांत तरी हाच पेच असतो, फक्त विषय गणिताऐवजी मराठी नाहीतर भूगोल असतो.

आधी एक ओझं उतरवून ठेव. सोय बघून नोकरी निवडण्यात कमीपणा काही नाही. बायका शिक्षिका झाल्या त्या निव्वळ ध्येयवादाने, हे शिक्षक दिनाच्या भाषणांपुरतं ठीक आहे. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई शाळेत जायला निघाल्या तेव्हा हे काम बाईला ‘बरं’ अजिबात नव्हतं. अंगावर शेणमाती येत होती. ते बरं ठरलं पुढे, आणि त्याचं कारण मोठं व्यवहारी होतं. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं केलं. तिथे आलेल्या विधवांना स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, आणि चारचौघांत मान ठेवून करता येण्यासारखी कामं होती दोनच, शिक्षिका आणि नर्स. म्हणजे पोट, मान आणि सुरक्षितता ही तिन्ही कारणं या पेशात पहिल्यापासून आहेत. अनुताई वाघ बालविधवा होत्या. शिकल्या, शिक्षिका झाल्या, १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांच्या बालशिक्षणाच्या कामात गेल्या आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी त्यांच्या कुरणातच शाळा भरवली. पोटासाठी शिकलेलं काम माणसाला एवढ्या लांब घेऊन जाऊ शकतं. तेव्हा ‘माझा हेतू शुद्ध आहे का’ हे तपासत बसू नकोस. मिसळलेला असणार, सगळ्यांचाच असतो. बँकेत जाणाऱ्या मुलाला कोणी विचारतं का, तुला ताळेबंदांची आंतरिक ओढ आहे का म्हणून?

सोय वाईट नाही. पण ती कुणाची, एवढं विचारून घ्यायचं.

आईने सांगितलेली यादी परत वाच. दुपारी घरी, म्हणजे स्वयंपाकाला. सुट्ट्या, म्हणजे पोरांच्या आणि पाहुण्यांच्या. स्थळं चांगली येतात, म्हणजे ‘नोकरी करणारी, शक्यतो शिक्षिका’ असं बायोडेटात लिहिणाऱ्यांची. त्यांना पगार हवा असतो आणि गरम पोळीही. या यादीत शाळा नाही, मूल नाही, गणित तर नाहीच. आईचं चुकतंय असं मी म्हणत नाही. तिने आजूबाजूला बायकांचे हाल बघितलेत आणि त्यातल्या त्यात कमी हाल शिक्षिकेचे, हा तिचा हिशोब आहे. तिच्या पिढीपुरता तो बराचसा बरोबरही होता. आता तो कितपत बसतो ते बघू.

‘दुपारी घरी’पासून सुरुवात करते, कारण मी माध्यमिक शाळेत गणितच शिकवलंय आणि या दोन शब्दांनी माझं डोकं उठतं. सकाळच्या सत्राची शाळा असेल तर बाई दुपारी घरी येते खरी, पण पिशवीत सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं, तीन तुकड्या. कुकरच्या शिट्ट्या मोजत लाल पेनाने प्रमेयं तपासणाऱ्या बायका मी स्टाफरूममध्ये रोज बघितल्यात. कुठल्या पेपरावर आमटीचा डाग आहे यावरून तो कोणी तपासला ते ओळखायचो आम्ही. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची सगळी माहिती भरणं, आधार जुळवणी आणि केंद्रप्रमुखांचा ‘आजच्या आज माहिती पाठवा’ हा मेसेज, तोही शनिवारी संध्याकाळी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात. पण त्या ‘निवडणूक’ शब्दात बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम येतं, आणि बीएलओ झालेली बाई उन्हातान्हात दारोदार याद्या घेऊन फिरत असते. सुट्टीत.

‘गावातच नोकरी’ हेही असंच. जिल्हा परिषदेत लागलीस तर तुमच्याच जिल्ह्यात शिराळ्याच्या मुलीला जतची शाळा मिळू शकते. आणि पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, पसंतीक्रम भरताना जागा दुसऱ्या जिल्ह्यातली निघाली, तर आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत किती वर्षं जातील ते कोणी सांगू शकत नाही. लग्नानंतर पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ मिळतो, पण जागा रिकामी असेल तर.

आता पैसा. याबद्दल घरात कोणी बोललेलं दिसत नाही, म्हणून मी बोलते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार आहे. त्याआधी ते ६, ८ आणि ९ हजार होतं, म्हणजे आता सुधारलंय म्हणायचं. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळते आणि मग पगार खरोखर चांगला असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथवर पोचायचं कसं? २०१० ची शिक्षक भरतीची सीईटी झाल्यावर भरती जवळपास ठप्प झाली आणि २०१७ च्या अभियोग्यता चाचणीनंतर, म्हणजे ‘टेट’नंतर पुन्हा हलली. त्यानंतरची चाचणी २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. एकेकाळी ‘डी.एड. झालेली मुलगी’ म्हटलं की स्थळांची रांग लागायची, गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली होती. भरती थांबली आणि त्याच मुली हातात पदविका घेऊन घरात बसल्या. तुमच्या गावातही एखादी असेल. तिच्याशी बोल, माझ्यापेक्षा ती जास्त सांगेल.

तोवर पर्याय खासगी विनाअनुदानित शाळांचा. तिथे काय चालतं ते सगळ्यांना माहीत असतं: दहा-बारा हजार रुपये, दहा महिन्यांची ऑर्डर, मे महिन्याचा पगार नाही, जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर. खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे, त्यात कायम रिक्त पदावर नेमलं तर दोन वर्षांच्या परिवीक्षेनंतर नोकरी कायम होते. ती होऊ नये म्हणूनच ऑर्डर दहा महिन्यांची. हे खपतं कारण संस्थाचालक गृहीत धरतो की बाईंचा पगार घरात ‘वरचा’ आहे, चूल नवऱ्याच्या पगारावर चालते. तुझ्या आईची ‘मुलीच्या जातीला बरी’ आणि त्याची ‘बाईमाणसाला एवढे बास’ ही एकाच घरातली भाषा आहे. २०२४-२५ च्या यू-डायस अहवालाप्रमाणे देशातल्या शाळांमध्ये शिक्षकांची संख्या एक कोटीच्या वर गेली आणि त्यात ५४.२ टक्के बायका आहेत. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण ४६.१ टक्के होतं. निम्म्याहून जास्त शिक्षक बायका असलेल्या पेशात अजून बाईच्या कमाईला वरकमाई समजतात, याचा मला राग येतो. तुलाही येऊ दे थोडा, भाव करताना उपयोगी पडतो.

एवढं सगळं ऐकूनही शिकवायचंय का? तर घरात एक प्रश्न विचारून बघ.

नवोदय विद्यालयं आणि केंद्रीय विद्यालयं देशभर आहेत. गणितात बी.एस्सी., बी.एड. आणि सीटेट ही केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा झालेली मुलगी तिथे टीजीटी, म्हणजे सहावी ते दहावीच्या शिक्षकाच्या पदासाठी अर्ज करू शकते. मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू, भत्ते वेगळे. एम.एस्सी., बी.एड. असेल तर पीजीटी, म्हणजे अकरावी-बारावीला, ४७,६०० पासून. नवोदय निवासी शाळा, शिक्षकांनाही आवारातच राहायला जागा, मुलं बहुतेक खेड्यातली, हुशार आणि शिकवून घ्यायला आसुसलेली. फक्त नेमणूक छत्तीसगडला होईल की आसामला, हे आपल्या हातात नाही. एके दिवशी जेवताना सहज म्हण, ‘आई, मला नवोदयला नोकरी लागली, पण बिहारमध्ये, तर जाऊ का?’

नोकरी तीच, मुलं तशीच, गणित तेच, पगार जास्त. घरचे ‘जा’ म्हणाले, तर त्यांना तुझी नोकरी हवी आहे. ‘एवढ्या लांब कशाला’ म्हणाले, तर त्यांना संध्याकाळी घरात असणारी मुलगी हवी आहे आणि शिक्षिका हे त्यासाठीचं निमित्त आहे. यावरून त्यांच्याशी भांडू नकोस, फक्त ऐकून ठेव. मग तोच प्रश्न रात्री स्वतःला विचार, आणि इथे जास्त प्रामाणिक राहा. पोटात गोळा आला तरी हरकत नाही, तो लांबच्या गावामुळे येतो. पण ‘मग नकोच, त्यापेक्षा बँकेची परीक्षा देते’ असं मनात आलं, तर तुलाही नोकरीपेक्षा सोयच हवी आहे. तसं असलं तरी काही बिघडत नाही, मात्र मग बँकच बघ, पगार पहिल्या महिन्यापासून पूर्ण मिळतो.

काकांच्या संस्थाचालकांचं नाव घरात पुन्हा निघू देऊ नकोस. हे मी गुळमुळीत सांगणार नाही. अनुदानित शाळांतली भरती पवित्र पोर्टलवरून व्हायची आहे आणि अल्पसंख्याक संस्था सोडल्या तर मुलाखतीचे उमेदवारही तिथूनच येतात. मागच्या दाराने लागलेल्या माणसाची वैयक्तिक मान्यता अडकते, पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी अडकतो, आणि तो ‘सोडवून देतो’ म्हणणारे पुन्हा पैसे घेतात. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, अधिकाऱ्यांना अटक झाली. त्याआधी टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे घेणारे दोन-चार आत जातात, आणि पैसे देणाऱ्याची नोकरीही जाते, वीस लाखही जातात. शिवाय दोन वर्षं बिनपगारी. एवढी रक्कम घरात खरंच उभी राहत असेल, तर त्यातली थोडीशी तुझ्या एम.एस्सी.ला पुरेल हे बाबांना दाखव.

हो, एम.एस्सी. कर असंच मी म्हणेन. बी.एस्सी.नंतर लगेच बी.एड. केलंस तर सहावी ते दहावीचा दरवाजा उघडतो. पहिली ते पाचवीचा नाही. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्राथमिकसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड. लागतं. एम.एस्सी. केलंस तर अकरावी-बारावी मोकळी होते आणि प्राध्यापकपदाची सेट-नेट दिलीस तर महाविद्यालयही. दुसरं कारण असं की तुझी गणिताशी गाठ अजून सुटलेली नाही, हे त्या विहिरीवरून कळतं. ज्या बाईला स्वतःला अजून गणितात मजा येते तिच्या वर्गात पोरं झोपत नाहीत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गणिताचा विभाग आहे, वसतिगृह आहे, ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी कर. बी.एड. दोन वर्षांचं, प्रवेशाची सीईटी देऊन. २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क माफ आहे. तुला लागू होतं का ते प्रवेशाआधी विचारून घे, नंतर कॉलेजं टोलवाटोलवी करतात.

टीईटीचा दुसरा पेपर एम.एस्सी. करतानाच डोळ्यांसमोर ठेव. दीडशे गुणांपैकी साठ गणित-विज्ञानाचे, खुल्या गटाला पास व्हायला ९०. सहावी ते आठवीला शिकवायचं तर तो आता टाळता येत नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असलेल्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही तो बंधनकारक केला. अभियोग्यता चाचणी दोनशे प्रश्नांची, दोनशे गुणांची, दोन तासांची, म्हणजे प्रश्नामागे फार तर छत्तीस सेकंद. शिकवता येतं की नाही याचा त्या परीक्षेशी फारसा संबंध नाही, पण वेगाचा सराव लागतो, आणि गणितवाल्यांना तो जरा लवकर जमतो.

एक गोष्ट मात्र फॉर्म भरायच्या आधी कर. तू एका मुलाला शिकवलंयस, वर्गाला नाही. दोन्हींत फार अंतर आहे. विहिरीवर तो पोरगा अडकला तेव्हा तू थांबलीस. पंचेचाळीस जणांत थांबता येत नाही. पुढच्या दोन बाकांना आधीच आलेलं असतं, मागचे दोन बाक खिडकीतून ट्रॅक्टर बघत असतात, मधे एकजण उलटी येतेय म्हणून उभी असते, आणि घंटा व्हायला सात मिनिटं असतात. शिवाय तेच प्रमेय अ तुकडीला, मग ब ला, मग क ला. क तुकडीचा काय गुन्हा असतो की तिला दमलेली बाई मिळावी? तुमच्या गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेट. परीक्षा झाल्यावर महिनाभर आठवीचा एखादा तास घेऊ देतील का विचार. गणिताचे शिक्षक बहुतेक शाळांत कमीच असतात, नाही म्हणायचं त्यांना कारण नाही. बी.एड.मध्ये वीस आठवड्यांची इंटर्नशिप असते, पण तोवर फी आणि दीड वर्ष गेलेलं असतं. महिनाअखेर घरी येताना वैतागलेली असशील, हे धरून चाल. वैतागूनही रात्री ‘उद्या हे दुसऱ्या पद्धतीने सांगून बघते’ असं वहीत काही लिहिलंस, तर पुढचं मला विचारू नकोस.

मैत्रिणीचं मनावर घेऊ नकोस. ‘शेवटी शाळेत बाईच’ म्हणणाऱ्या प्रत्येकीला डेटा सायन्सपर्यंत कोणत्यातरी बाईनेच पोचवलेलं असतं, पण हे तिला ऐकवायची गरज नाही, तिचंही पुण्यात काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही. फक्त तिच्याकडून एक शीक: तिने कोर्स लावताना किती वर्षं, किती खर्च, किती पगार हे मांडलं असेल. तूही मांड. भरतीसाठी किती प्रयत्न करायचे आणि किती वर्षांनी दुसरीकडे वळायचं ते आत्ताच ठरवून वहीत लिही, नाहीतर ‘पुढच्या टेटला बघू’ म्हणत तिशी येते.

हे उत्तर घरी दाखवायचं की नाही ते तुझ्यावर. दाखवलंसच तर वीस लाखांचा मजकूर आधी बाबांना वाचायला दे. आईला नवोदयचं तोंडीच सांग, आणि तेही जेवण झाल्यावर.